उंबऱ्याबाहेरचं घोंगडं

काटेवाडीतून आमचा टेम्पो निघाला, तेव्हा आबांनी, माझ्या वडिलांनी, सामानावर काळं घोंगडं टाकलं. "पोरीला पांघराय हुईल." मी ते उतरवून त्यांच्या हातात परत दिलं. तुम्ही सगळे आळीकर बघत होतात. आम्हा धनगरांत घोंगडं म्हणजे देवाचं आसन. ते कुणी परत करत नाही.

"देवाला माघारी धाडतुयास व्हय? लई शिकलास," आबा म्हणाले.

पुढच्या सीटवर बायकोच्या मांडीवर माझी मुलगी होती. तिच्या छातीत शिट्टी वाजत होती. सुशीच्या वाजायची, तशीच.

सुशी माझी धाकटी बहीण. तिला धाप लागायची. बारामतीच्या डॉक्टरांनी आबांना माझ्यादेखत सांगितलं होतं: हिला लोकर आणि धूळ सोसत नाही. झोपायच्या खोलीतून घोंगडी काढा, कोकरं बाहेर बांधा, चादरी कढत पाण्यात धुवा, धूर करू नका. परतताना आबा एसटीत हसले. "लोकरीत जल्मलो आमी. तिचा कुणाला तरास व्हतो?"

देवाचं घोंगडं धुवायचं नाही, अशी आमची रीत. वर्षानुवर्षांची धूळ त्यात. धाप लागली की सुशीला त्यातच घट्ट गुंडाळायचे, खिडकी लावायचे, उदाचा धूर करायचे. मी काढायचो, आबांसकट तुम्ही आळीकर पुन्हा घालायचात. दिवाळीनंतरच्या थंडीत ती त्यातच गेली. तुम्ही म्हणालात, नशीब. तो शब्द मी अजून गिळू शकलेलो नाही.

लोणी देवकरला एमआयडीसीत नोकरी मिळाली. दोन खोल्या आहेत. फरशी ओल्या फडक्यानं पुसतो, शिफ्टवर जाण्याआधी गाद्या उन्हात टाकतो. धापेवरचा औषधाचा पंप कपाटात असतो, पण मुलीला तो क्वचित लागतो. गावात म्हणतात, साहेब देव विसरला. म्हणू देत.

परवा आबा आले, खांद्यावर तेच घोंगडं. दारातच थबकले. मग कुणी न सांगता त्यांनी ते बाहेर, कपडे वाळत घालायच्या तारेवर टाकलं, हातपाय धुतले आणि आत आले. नात त्यांच्या मांडीवर झोपून गेली. तिच्या छातीला कान लावून ते बराच वेळ बसले.

"सुशीच्या येळंला कुणी सांगितलं असतं तर..."

"सांगितलं होतं, आबा."

त्यांनी पुन्हा तिच्या छातीला कान लावला. मी त्यांची समजूत काढली नाही.

तुम्हीही या. माझं घर आता त्या तारेच्या अलीकडं सुरू होतं.