दुरुस्तीला गेलेलं यंत्र

मी आयुष्यात एकच मोठं खोटं बोललो आणि तेही इंग्रजीत. मराठीत बोललो असतो तर बाबांनी तिथल्या तिथे कान पिरगाळला असता.

आमचं गाव ठाण्याच्या खाडीकाठी. आम्ही आगरी, आज्या-पणज्यांपासून मीठ पिकवणारे. मिठागर लहानसंच होतं, पण आमचं स्वतःचं. गावात मॅट्रिक झालेला मी तिसरा आणि बी.कॉम. होऊन पुढे एम.कॉम.ला बसलेला पहिला. याचा मला इतका माज चढला होता की घरात मी पुस्तकातल्यासारखं बोलायचो. आई म्हणायची, ‘‘यो आथा भाकर मागायला पन अर्ज लिवल.’’

तेव्हा स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. आमच्या मुंबईच्या कॉलेजने अमेरिकेतल्या एका व्यापारशिक्षणाच्या कॉलेजशी देवाणघेवाण ठरवली. तिकडचा एक पदवीधर विद्यार्थी महिनाभर आमच्यापैकी एकाच्या घरी राहणार, त्या घरचा धंदा जवळून बघणार आणि त्यावर अहवाल लिहिणार. अहवाल तिकडच्या प्राध्यापकांना पटला तर त्या घरच्या मुलाला पुढच्या वर्षी तिकडे शिकायला बोलावणार, फी आणि बोटीचं भाडं माफ करून. आमच्यासारख्याच्या घरातून अमेरिकेला जायचा दुसरा रस्ता नव्हता. मला तो हवा होता. इतका हवा होता की मी झोपेतही बोटीत चढायचो.

सरांनी सगळ्यांकडून घरच्या धंद्याची माहिती लिहून घेतली. कल्याणच्या एकाची भाताची गिरणी होती, डोंबिवलीच्या एकाच्या काकांचा छापखाना होता. मी मान खाली घालून ‘मिठागर’ लिहिलं. पंधरा दिवसांनी सरांनी मला खोलीत बोलावलं. ‘‘पाहुण्यांनी तुमचं मिठागर निवडलंय,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही असा चेहरा का केलात? आनंदाची गोष्ट आहे.’’

आनंद कसला, मला घाम फुटला. आमच्याकडे ना ऑफिस, ना टेलिफोन, ना टेबल. धंदा म्हणून दाखवायचं काय, तर चिखलाचे बांध, लाकडी फावडी आणि उघड्या पायांचे बाबा.

संक्रांत झाल्यावर पाहुणा आला. उंच, लालबुंद, हसतमुख. बरोबर छोटा टाइपरायटर. आईने ओटीवर त्याची खाट टाकली आणि पहिल्याच दिवशी त्याला तांदळाच्या भाकरीबरोबर सुकटीचं कालवण वाढलं. नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी त्याने पुन्हा मागून घेतलं. आई तेव्हाच त्याच्या बाजूची झाली.

दुसऱ्या दिवसापासून तो बाबांना प्रश्न विचारायला लागला आणि मी दुभाषी झालो. इथेच माझी बुद्धी फिरली.

त्याने विचारलं, मीठ काढायला आलंय हे कसं ओळखता? बाबा म्हणाले, ‘‘पाय घालून. खालचा दाना पायाला चावला का समजायचं.’’ मला लाज वाटली. अमेरिकेच्या प्राध्यापकांपुढे माझ्या बापाचा पाय जाणार? मी इंग्रजीत म्हटलं, पाण्याचा दाटपणा मोजायचं यंत्र आहे, त्यावर बघतात. पाहुणा खूश. म्हणाला, दाखव. मी म्हटलं, मुंबईला दुरुस्तीला गेलंय.

एकदा जीभ सैल सुटली की थांबते थोडीच. आमच्याकडे हंगामातली पहिली रास विकत नाहीत. ती बांधाच्या टोकाला तशीच मोकळी ठेवायची. गावातलं कोणीही यावं, कोळीवाड्यातल्या बायकांनी मासळी खारवायला टोपल्या भरभरून न्याव्यात, कोणाला विचारायचं नाही. पाहुण्याने डोळ्यांदेखत ती रास संपताना पाहिली आणि चक्रावून गेला. का देता, म्हणून बाबांना विचारलं. बाबांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. म्हणाले, ‘‘पानी खाडीचा, ऊन वरच्याचा. आपला निस्ता हात. मंग पयली रास आपली कशी?’’

मी ते ऐकलं आणि इंग्रजीत सांगितलं, हा मालाचा नमुना असतो. फुकट वाटला की गिऱ्हाईक बांधलं जातं, पुढे विक्री वाढते. अगदी आमच्या पाठ्यपुस्तकातलं वाक्य. पाहुण्याने मान डोलावत ते उतरवून घेतलं. त्या रात्री मला शांत झोप लागली, हे सांगायला आज लाज वाटते.

तीन आठवडे असे गेले. दर दोन दिवसांनी तो मला विचारायचा, यंत्र आलं का? मी म्हणायचो, उद्या येईल. मला वाटलं, महिना असाच निभावून नेऊ. पण माझ्या नकळत तो आईकडून मराठी शिकत होता. एके दिवशी दुपारी मी गावातून आगरावर पोचलो तर हा बाबांसमोर उकिडवा बसलेला आणि अडखळत विचारतोय, ‘‘यंत्र आला?’’

बाबा म्हणाले, ‘‘कनचा यंत्र?’’

पाहुण्याने माझ्याकडे पाहिलं, बाबांनीही पाहिलं. मी खाडीकडे पाहिलं.

बाबांनी त्याला घरी जेवायला पाठवलं आणि मला म्हणाले, ‘‘त्याचं कागद आन. वाच.’’ पाहुण्याची परवानगी काढून मी कागद आणले. भर उन्हात बांधावर बसून मी तो सगळा अहवाल त्यांना मराठीत सांगितला. पहिल्या राशीचं पान आलं तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं. ‘‘ह्या मी बोल्लो?’’

‘‘नाही.’’

‘‘म्हनजे गिऱ्हाईक बांधायला मी कोलनींना मीठ देतो? मी?’’ बाबांचा आवाज कधी चढायचा नाही, तेव्हाही चढला नाही. ‘‘तुना शिकवला तो यासाठी? मना खोटा पारलास तू. माज्याच आगरावर.’’

मी रडकुंडीला आलो. म्हटलं, ‘‘बाबा, खरं सांगितलं तर माझं जाणं बोंबललं. तो म्हणेल ही माणसं खोटारडी आहेत.’’

‘‘तर नको जाऊस. घरात मीठ हाय, उपाशी नाय मरनार. जा, सांग त्याला.’’

मी कागद घेऊन घरी गेलो. ओटीवर तो टाइपरायटरशी बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, यंत्र, नमुना, एकूण एक. माझी बोट खाडीतच बुडाली हे मी धरून चाललो होतो. त्याने माझ्या हातातले कागद घेतले. मग म्हणाला, म्हणजे तीन आठवडे मी तुझ्याशीच बोलत होतो. तुझ्या वडिलांशी अजून बोललोच नाही. असं म्हणून त्याने लिहिलेले सगळे कागद टराटरा फाडले. आई आतून धावत आली, तिला वाटलं भांडण झालं.

आठच दिवस उरले होते. तो मला घेऊन परत आगरावर आला. बाबांनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. ‘‘त्याला सांग, बुटं कार.’’

मी सांगितलं. त्याने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बाबांच्या मागून त्या खाऱ्या पाण्यात उतरला. दोन पावलांत ओरडला. बुटाने सोललेली टाच होती, तिला मीठ झोंबलं. बाबा हसले, त्याच्यासमोर पहिल्यांदाच. ‘‘चावला ना? तोच यंत्र,’’ ते म्हणाले. हे मी इंग्रजीत सांगायच्या आधीच पाहुण्याला समजलं होतं.

त्या आठ दिवसांत बाबा जितकं बोलले तितकं मी जन्मात ऐकलं नव्हतं. कोणत्या भरतीचं पाणी आत घ्यायचं, कोणतं बांधाच्या दाराबाहेर ठेवायचं. वारा कुठून आला की दाणा बारीक पडतो. नवा बांध कधी दाबायचा. मी नुसता या भाषेतून त्या भाषेत वाहून नेत होतो आणि मनात म्हणत होतो, हा माणूस माझा बाप आहे आणि मी त्याच्याऐवजी एक यंत्र दाखवायला निघालो होतो.

पाहुणा नव्याने लिहिलेला अहवाल घेऊन गेला. पावसाळा संपता संपता कॉलेजात पत्र आलं. सरांनी सगळ्या वर्गासमोर वाचलं. मला बोलावलं होतं. मी धावतच घरी आलो. बाबा बांध दुरुस्त करत होते. त्यांनी विचारलं, ‘‘तुज्या मार्कांमुले बोलावला का आपल्या मिठामुले?’’

‘‘दोन्हीमुळे.’’

‘‘मीठ आधी बोल,’’ ते म्हणाले आणि पुन्हा चिखल थापायला लागले. पण त्या दिवशी घरी जाताना त्यांनी मुद्दाम लांबचा रस्ता धरला, कोळीवाड्यातून, आणि दर दाराशी थांबून सांगत गेले.

तिकडे पोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तासाला प्राध्यापक तो अहवाल घेऊन आले. वर्गात चाळीसेक मुलं, मी मागच्या बाकावर. त्यांनी पहिल्या राशीपर्यंतचा भाग वाचून दाखवला आणि कारण न सांगता कागद मिटले. सांगा, म्हणाले, हा माणूस पहिली रास फुकट का देतो? हात भराभर वर झाले. एक म्हणाला, जाहिरात. दुसरा म्हणाला, मालाचा नमुना. तिसरा म्हणाला, गिऱ्हाईक बांधून ठेवायला. माझंच खोटं, एकेक करून, साऱ्या वर्गातून माझ्याकडे परत येत होतं.

मग प्राध्यापकांनी माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, त्या घरचा मुलगा इथे बसलाय. यातलं बरोबर कोणतं, हे तो सांगेल.

मी उभा राहिलो. एकही बरोबर नाही, म्हटलं. मग आधी आमच्या बोलीत आणि नंतर इंग्रजीत मी बाबांचं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं, पदरचा एक शब्दही न घालता.