बाईवाले आबा

टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची, एकदा दाराकडे बघायचं आणि मग बोलायचं. "आज पिधी नही. सकायनं सकाय देखू." एवढं झालं की टोपी परत डोक्यावर. सकाय म्हणजे उद्या. आमच्या बैठकीत लोक अर्धा अर्धा तास बोलायचे, रडायचे. आबांचं मात्र एवढ्यात आटपायचं.

बैठक म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची. नव्वदच्या आधी जळगावात एका शाळेच्या वर्गात दर रविवारी ती भरायची. मीही त्यातलाच, धुळ्याच्या सरकारी कचेरीतला कारकून. तुम्हीही आसपास पाहिलं असेल, पिताना सगळ्या गावाने बघितलेलं चालतं, सोडताना मात्र कोणी बघायला नको असतं. म्हणून धुळ्याकडचा माणूस जळगावला यायचा आणि जळगावचा धुळ्याला जायचा. आपली तऱ्हाच उलटी.

आबा धुळ्याकडच्या नरडाण्याहून पॅसेंजरने यायचे. पहिल्या दिवशी स्टेशनाबाहेर त्यांनी पानवाल्याला विचारलं, दारू सोडायची सभा कुठे भरते? तो म्हणाला, "सोडायची माहीत नाही बुवा, प्यायची समोरच भरते." दारूच्या दुकानाचं दार उघडंच होतं. आबा तिथे बराच वेळ उभे राहिले आणि मग पुढे चालू लागले. आमच्यापर्यंत पोचले तेव्हा बैठक संपत आली होती. मुलांच्या बाकात त्यांचे गुडघे मावेनात, तर ते खाली फरशीवर बसले.

नियम समजावून सांगायचं काम माझ्याकडे. "इथलं बाहेर कुठे बोलायचं नाही. नाव नाही, गाव नाही, काही नाही." मी जरा दरडावूनच सांगत असे. कचेरीत कळलं तर काय, ही माझी स्वतःची धास्ती. दुसऱ्यांचं बोलू नका, एवढाच त्या नियमाचा अर्थ. स्वतःच्या घरी सांगायला कोणाची ना नव्हती. ते मात्र मी कधी फोडून सांगितलं नाही.

एकदा पोळा रविवारी आला. खानदेशात त्या दिवशी घरधनी बैल सोडून गावाबाहेर जात नाही. आबा नेहमीच्या गाडीने हजर.

"आबा, बैल?"

"पोऱ्या सजाडी लेतीन. आज गावमा ऱ्हायनू ते पिसू."

"राहिलात तर प्याल, खरं. मग घरी काय सांगून आलात?"

"काय सांगानं? तुम्हीच म्हने ना भाऊ, अठलं भाईर सांगानं नही."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसलो आणि विषय तिथेच सोडला. तिथेच माझं चुकलं, हे मला फार उशिरा कळलं.

अशी तीन वर्षं गेली. आबांनी थेंबाला हात लावला नाही. नवा माणूस आला की ते सरकून त्याच्याजवळ बसायचे, उपदेश बिलकूल नाही. त्याचा हात थरथरला तर चहाचा पेला खालून धरायचे, बस. आमच्यातले किती तरी जण त्या धरलेल्या पेल्यामुळे परत आले. मीही दोनदा पाय घसरून पडलो होतो आणि दोन्ही वेळा शेजारी आबाच होते.

मग सलग दोन रविवार ते आले नाहीत. पिऊन पडले असतील, असंच सगळ्यांच्या मनात आलं. तिसऱ्या रविवारी मी नियम बाजूला ठेवला आणि नरडाण्याला उतरलो. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून चहावाल्याला खूण सांगितली. टोपीवाले, दर रविवारी सकाळी जळगावला जाणारे.

चहावाला डोळा मिचकावून म्हणाला, "बाईवाले आबा का?" मग त्याचा चेहरा उतरला. "गया ना तो. पंधरा दिन व्हयनात. वावरमा छातीमा कय उनी."

शेतातच छातीत कळ येऊन आबा गेले होते. त्यांचं गाव तिथून कोसभर होतं. कसा चाललो ते आठवत नाही. ओट्यावर त्यांची बायको कपाशीची बोंडं फोडत बसली होती. जळगावहून आलो म्हटल्यावर तिने मला नीट न्याहाळलं.

"तुम्ही तिन्हाकडला शेतस का?"

तिच्याकडचे, म्हणजे चहावाल्याने डोळा मिचकावला त्या बाईकडचे.

"तिले सांगा, मना राग नही. माले वीस वरीसमा जमनं नही, ते तिनी करं. दारू सोडाडी. मराना टाईमले बी तोंडले वास नव्हता."

"अक्का, बाई नव्हती हो," मी म्हणालो. मग शाळा, वर्ग, बैठक, सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"मंग माले काबर सांगं नही?"

"मीच म्हटलं होतं, कुठे बोलू नका."

ती मला रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मांडीवरची बोंडं बाजूला ठेवली.

"रईवारले मी त्याले भाकर दिधी नही," ती म्हणाली. "तीन वरीस. तिन्हाकडे जेवत व्हई, आशे वाटे." तिने वर पाहिलं. "उपाशी ऱ्हाये का तो?"

"नाही अक्का," मी म्हणालो. "आमच्यात जेवायचे."

आमच्या बैठकीत अर्ध्या कप चहापलीकडे कधी काही नव्हतं.