ठेकेदाराची कलेजी

माझी धाकटी जाऊ कोंबडीच्या दुकानात कामाला आहे, एकतीस वर्षं झाली. मालक तीन बदलले, पण ओट्यामागे सुरी घेऊन हीच उभी. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, तंगड्या जरा मोठ्या द्या," की ही म्हणणार, "कोंबडीला सांगते हं, पुढच्या वेळी वाढवून ये म्हणून."

एका बाबतीत मात्र फार कडक. मेलेली कोंबडी ओट्यावर येऊ द्यायची नाही. एकदा मालक म्हणाला, "चालतंय हो, कोणाला कळतंय?" तर सुरी ठेवून सरळ घरी आली. मालकच मागून धावत आला मनधरणी करायला. दुसरी खोड अशी की काही म्हणून वाया घालवायचं नाही. या दोन्ही चांगल्या गोष्टी एकत्र आल्या आणि घोळ झाला.

आमचं घर एकच, मध्ये भिंत घालून दोन केलंय. भिंतीला दार आहे, ते कधी लागत नाही. वाटणीत जाड बुडाचं छोटं दांडीचं पातेलं माझ्याकडे आलं. सासूबाईंनी ते आपल्याला कबूल केलं होतं असं धाकटीचं म्हणणं. सासूबाई तर गेल्या, साक्षीदार आणायचा कुठून? तेव्हापासून महिन्यातून एकदा त्या पातेल्यावरून आमची जुंपतेच.

भाऊजी गेले त्या वर्षी तिच्याकडे एक पिवळा बोका आला. कान फाटका, पोट भरदार. स्वतः उंदीर कधी धरला नाही, पण दुसऱ्याच्या कामावर डोळा ठेवून बसायचा, म्हणून त्याचं नाव ठेकेदार. तिच्या अर्ध्या घरात तिच्याखेरीज श्वास घेणारं तेवढंच. रोज पहिल्या कोंबडीची कलेजी त्याची. डबीत घालून ही दुपारच्या सुट्टीत घरी आणायची आणि कच्चीच त्याच्यापुढे ठेवायची. मग हिचं जेवण.

एके दिवशी दुकानात जाळीभर कोंबड्या आल्या त्या माना टाकूनच. तुरे निळसर पडलेले, तीन तर मेलेल्याच. मालक म्हणाला, "गाडीत गुदमरल्या असतील." धाकटीने मेलेल्या आणि पेंगणाऱ्या सगळ्या बाजूला काढल्या. गिऱ्हाइकाला एकही दिली नाही. पण टाकून द्यायच्या आधी मेलेल्या तिन्हींच्या कलेज्या तेवढ्या काढून घेतल्या. "चांगल्या मोठ्या होत्या हो ताई," असं नंतर मला म्हणाली.

चौथ्या दिवशी ठेकेदार उठेना. डोळे गळत होते, तोंडातून लाळ. चालायला गेला की एका अंगावर कलंडायचा. भाजीच्या टोपलीत घालून आम्ही दोघींनी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, काडीसारखी. बोक्याला बघताच तिने आधी आमच्या तोंडाला मास्क बांधायला लावले.

"खातो काय हा?"

"दूध न् बिस्किट," धाकटी फटकन म्हणाली.

एवढं पोट काय बिस्किटावर सुटतं? मी तिला कोपर मारलं. "अगं, त्या शिकलेल्या आहेत, आंधळ्या नाहीत."

ती माझ्या कानाशी लागली. "सांगितलं तर दुकान बंद होईल, ताई. मालक मला पुन्हा दारात तरी उभं करील का?"

"आणि नाही सांगितलंस तर?"

तिने टोपलीत पाहिलं. ठेकेदाराने तिच्याकडे बघायला मान उचलली आणि मान परत खाली पडली. मग धाकटीने दुकानातल्या ओट्यावर ठेवते तसे दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. निळे तुरे, गुदमरलेल्या तीन, कलेज्या, सगळं.

"बर्ड फ्लू असू शकतो," डॉक्टरीण म्हणाली. "आजारी कोंबडीचं कच्चं मांस खाऊन मांजरांना होतो. फार थोडी वाचतात, खोटं कशाला सांगू?"

"मी स्वतःच्या हाताने घातलं," धाकटी म्हणाली.

तपासणीचा नमुना गेला. ठेकेदार तिथेच वेगळ्या पिंजऱ्यात राहिला. आम्हा दोघींना गोळ्या आणि दहा दिवस घरात बसा असा हुकूम. त्याच संध्याकाळी दुकानात पांढरे झगे घातलेली माणसं आली. मालकाचा फोन आलाच, "काकू, आधी मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हालाच तर दाखवल्या होत्या," ही म्हणाली. "तुम्हीच म्हणालात गुदमरल्या." मालकाने फोन ठेवला.

ते दहा दिवस! दोन जावा, एक दार, आणि कोणी येणार नाही की जाणार नाही. शेजारीण लांबूनच विचारायची, "जिवंत आहात का?" धाकटी ओरडायची, "भांडणाचा आवाज येतोय ना? मग आहोत!"

सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला की मात्र तिचं अवसान गळायचं. फोन माझ्या हातात कोंबायची. "तुम्हीच घ्या. वाईट असेल तर सांगू नका. चांगलं असेल तरी लगेच नको, मी आधी खाली बसते."

तिसऱ्या दिवशी कळलं की आजार तोच. ते मी सांगितलं नाही, पण माझं तोंड बघून तिला कळलं. त्या दिवशी पातेल्यावरूनसुद्धा भांडली नाही, तेव्हा मी खरी घाबरले. सहाव्या दिवशी फोन आला. मी म्हटलं, "बस."

ती बसली.

"पाणी प्यायला. आणि पिंजरा साफ करणाऱ्या बाईवर गुरगुरला."

"कामावर लक्ष आहे मग त्याचं," म्हणाली आणि तोंड धुवायला गेली. बराच वेळ धूत होती.

तीन आठवड्यांनी ठेकेदार घरी आला. निम्मा झालेला, मान कायमची डावीकडे कललेली, हिशेब पटत नसल्यासारखी. कच्चं काही द्यायचं नाही, बाहेर सोडायचं नाही, आणि दुकानातल्या चपला नि कपडे घरात आणायचे नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं. दुकान धुऊन पुसून उघडलं तेव्हा मालकाने स्वतःच हिला बोलावलं. गिऱ्हाइकं विचारायला लागली होती, काकू आहेत ना, मग घेतो.

पहिल्या दिवशी दुपारी ती मागल्या दारी कपडे बदलून, हात धुऊन, डबी घेऊन आली. भांडी तिची सगळी बारा माणसांची. एवढीशी कलेजी मोठ्या टोपात घातली, तर बघता बघता पाणी आटून करपली. ठेकेदाराने हुंगली आणि तिरक्या मानेने तिच्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी खुंटीवरचं दांडीचं पातेलं काढलं आणि मधल्या दारातून जाऊन तिच्या शेगडीवर ठेवलं.

तिने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इतकी वर्षं मी मागत होते तेव्हा नाही दिलंत. मांजराला बरं दिलंत!"

"तुला कुठे दिलंय?" मी म्हटलं. "ठेकेदाराचं आहे ते. त्याचं खाऊन झालं की घासून ठेव."