संघ आणि सात घरं

वाद घालायची खोड मला जुनीच. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या पुढच्या एका गावातला व्यावसायिक कबड्डीसंघ त्याचा मालक पुण्याला हलवणार, ही बातमी आली तेव्हा पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर मी ठणकावून सांगितलं, "बरोबरच आहे. जिथे प्रेक्षक, तिथे संघ." शेजारचे दामले शांतपणे म्हणाले, "ते गाव कधी पाहिलंयत?" पाहिलं नव्हतं. मग काय, पुढच्याच शनिवारी पहाटे गाडी काढली.

खंबाटकी उतरेपर्यंत उजाडलं होतं. साताऱ्यात पेढे घेतले, कऱ्हाडला चहा प्यायलो आणि इस्लामपूर सोडून कृष्णा ओलांडली. दोन्ही बाजूंना ऊस आणि पुढे उसाने लादलेल्या ट्रॉल्या. ओव्हरटेक करायची सोय नव्हती, त्यामुळे हवा खात निवांत चाललो होतो. तेवढ्यात मोबाइलच्या नकाशाने डावीकडे वळवलं आणि मी थेट एका फडात (तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात) जाऊन थांबलो.

बांधावर जेवत बसलेला एक गडी उठून आला. "कुठं निगालाय?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"कबड्डीवालं गाव व्हय? आवं, मग नकाशा कशाला? माज्या मागनं या." त्याने फटफटी काढली, मला वेशीपर्यंत पोचवलं आणि आभार मानायच्या आत वळून गेलासुद्धा.

संघाचे प्रशिक्षक बाळूमास्तर पत्र्याच्या शेडमध्ये भेटले. सैन्यातून निवृत्त झालेला, साठीचा ताठ माणूस. मॅटवर सराव चालला होता. संघातले सात खेळाडू बाहेरगावचे. ते तालमीच्या वरच्या खोल्यांत राहतात आणि वारानं जेवतात. म्हणजे गावातल्या सात घरांनी आठवड्याचे सात दिवस वाटून घेतलेत. ज्या घराचा वार, त्या घरी सातही जण पंगतीला. मालकाचा पगार आहे, खानावळही मिळाली असती, पण गावाने ऐकलं नाही. शनिवार शेवंताकाकूंचा. मास्तर म्हणाले, "चला, तुमीबी."

काकूंच्या पडवीत दोन चुली पेटल्या होत्या. ज्वारीच्या भाकरी, अख्खा मसूर, खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) आणि गाडग्यातलं दही. मी तिसऱ्या भाकरीला हात आडवा धरला, तर काकूंनी हातावरच भाकरी ठेवली. पंगतीच्या टोकाला मंगेश नावाचा नांदेडकडचा पोरगा खाली मान घालून जेवत होता. काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "ह्यो मागत न्हाई कवा. लाजतो. न इचारता वाढावं लागतं ह्याला." आणि बोलता बोलता त्याच्या ताटात अर्धी भाकरी टाकली. तो गुपचूप खाऊ लागला.

माझं मत त्या पडवीतच फिरलं. खोटं कशाला बोलू? पोट भरलं आणि मत फिरलं.

संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे बैठक होती. संघाचं नाव गावच्या क्रीडा मंडळाचं. मंडळाची सही मिळाल्याशिवाय मालकाला संघ हलवता येत नव्हता, आणि सही द्यायची की नाही हे आज ठरणार होतं. मला राहवलं नाही. पाहुणा असूनही उठलो आणि म्हणालो, "हा संघ इथून हलता कामा नये. असं गाव पुण्यात मिळणार नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. मास्तर म्हणाले, "पावणं, तुमचं प्रेम लय. पण शेड गळतीया. मॅच असली तर बगायला दोन-तीनशे माणूस. गुडगा दुखावला की दवाखान्याला मिरज गाठायची. पोरांची उमेदीची वर्सं थोडी. आमच्या हौसेपायी त्यास्नी आडवून ठेवायचं?"

मी खाली बसलो. कट्ट्यावर मी हेच बोललो होतो, फक्त त्यात पोरं नव्हती.

मंडळाचे अध्यक्षही मास्तरच. त्यांनी सहीसाठी पेन काढलं, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून शेवंताकाकू बोलल्या. "जाऊ द्या की. पोरं मोठी झाल्यावर जायचीच. पण तितं त्यांचं वार कोन करनार?"

"मालक मेस लावनार हाय," कुणीतरी म्हणालं.

"मेसवाला मंगेशला न इचारता वाडील?" काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्ये पुन्याचंच हायत न्हवं? ह्यांनी सात घरं काडून द्यावीत. सात घरं ठरली की सही. काय मास्तर?"

मास्तरांनी पेन खिशात ठेवलं. माना हलल्या. निर्णय झाला, आणि तो माझ्या गळ्यात पडला. गंमत म्हणजे मला बरंच वाटलं. सात घरं म्हणजे काय मोठंसं, आमच्या सोसायटीत दोनशे फ्लॅट आहेत.

रविवारी पुण्यात परतलो. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सात जण? कबड्डी खेळणारे?" मग भिंतीवरचं कॅलेंडर बघून म्हणाली, "गुरुवार चालेल." दामल्यांनी रविवार घेतला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी मंगळवार मागून घेतला. बाकीच्यांना संघ पुण्यात हवा आहे. ते तिकीट काढतील, जर्सी घेतील, शिट्ट्या वाजवतील. जेवणाचं विचारलं की म्हणतात, "अहो, ऑनलाइन मागवता येईल की."

आता कट्ट्यावर कुणी विचारलं, संघांनी शहरं बदलावीत का, तर मी पूर्वीसारखा ठणकावत नाही. मी विचारतो, तुमचा वार कोणता? बरेच जण घड्याळ बघतात. माझी खोड मोडली म्हणून दामले खूश आहेत.

काल काकूंचा फोन आला. "घावलीत का घरं?"

"तीन झाली, काकू. चार शोधतोय."

पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"शोदा सावकाश," काकू म्हणाल्या. "तवर पोरं हितं जेवत्यात."