उंदीर मात्र तेच

चूक माझीच. आमच्या सोसायटीतल्या त्या मुलीनं स्वतःच मुलगा पसंत केला होता. त्याची आई चौकशीला आली, तेव्हा मी प्रामाणिकपणे म्हणालो, "मुलगी गुणी आहे. परदेशात उंदीर मारते. पण दर दोन-तीन वर्षांनी नोकरी सुटते."

ती सुट्टीला घरी आली की सकाळी गोदापार्कवर फिरताना भेटायची; हे तिनंच मला सांगितलं होतं. कर्करोगावर संशोधन, प्रयोग उंदरांवर, करार संपला की दुसरा देश. बोलताना ती घराची किल्ली दोन बोटांनी टोकाशी धरायची, शेपटी धरल्यासारखी. "तीन देश झाले, काका," ती एकदा म्हणाली, "भाषा बदलते, जेवण बदलतं, उंदीर मात्र तेच. माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं."

आठवड्यानं ती बाकावर बसलेली दिसली. "काका, त्याच्या आईला वाटतंय मी पेस्ट कंट्रोलमध्ये आहे. तिथंही टिकत नाही म्हणे! त्या नकोच म्हणतायत." ती हसत होती, पण किल्ली मुठीत घट्ट आवळलेली होती.

मी फिरायच्या बुटांतच इंदिरानगरला त्या बाईंकडे गेलो. "ताई, तिची नोकरी सुटत नाही. करारच तेवढ्या मुदतीचा असतो. दर वेळी नव्या देशानं तिला बोलावून घेतलंय."

"आणि उंदीर? मारत नाही ना?"

पुन्हा खरं बोलायची वेळ आली. "मारावे लागतात. पण कर्करोगावर औषध सापडावं म्हणून. हे मी आधीच सांगायला हवं होतं. चुकलं माझं, ताई. माफ करा."