उर्दू पुस्तिकांचे तुकडे

माझं शुद्धलेखन चुकेल, अक्षरही गिचमिड आहे, माफ करा. शाळा चौथीपर्यंतच झाली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. कुणाला सांगायला तोंड उघडत नाही, म्हणून वहीत लिहितेय.

सोलापुरात भवानी पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानात मी बाइंडिंग करते. कागदांच्या कडेला मशीनने एकवीस भोकं पाडायची, प्लास्टिकची रिंग त्यात अडकवायची, झाली पुस्तिका. भोकांचे तुकडे खालच्या ट्रेमध्ये पडतात, तांदळाएवढे. माझी सोनी शाळा सुटली की दुकानात यायची आणि ते पेढ्याच्या डब्यात भरून घरी न्यायची.

"आई, बाहुलीचं लगीन हाय. अक्षता नकोत व्हय?"

सहावीत होती. आठ दिवसांच्या तापात गेली. तेराव्यानंतर मी तो डबा रिकामा केला, घासला, फळीवर पालथा घातला. महिन्याने कामावर आले. हात चालायचे, बाकी काही नाही.

त्या दुपारी आमचे मालक, चाचा, नमाजला गेले होते. एका उर्दू शाळेच्या मॅडमचं काम होतं – तीस पुस्तिका. उर्दू उजवीकडे बांधतात, हे मला ठाऊक आहे... तरी हात सवयीने डावीकडे गेला. तिसावी होईपर्यंत लक्षात आलं नाही.

चाचा परतले, मागोमाग मॅडम आल्या. "अहो बाई, अक्षरं कापली की! पोरांनी काय भोकं वाचायची?"

"ध्यान किधर था, बेटी?" चाचा म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. सगळं परत छापून बांधून द्यायला ते स्वतः मशीनवर बसले. आधी ट्रे ओढला.

"ट्रे तू खाली करी क्या?"

"नाही."

"फिर?"

बाराशे कागदांना भोकं पाडली होती मी. ट्रे काठोकाठ भरायला हवा होता. एक तुकडा नव्हता.

अठराशेचं नुकसान. मी म्हटलं, पगारातून कापा.

"रहने दे गे."

"मग मी उद्यापासून येत नाही." असं मी कधी बोलत नाही. काम सुटलं असतं तर दिवसभर त्या घरात बसावं लागलं असतं... पण फुकटचं घेऊन त्यांच्यासमोर बसणंही जमलं नसतं.

"बरं. दर शनिवारी शंभर," चाचा म्हणाले.

सहाला घरी आले. कुलूप मीच काढलं. किल्ली एकच, दिवसभर माझ्या कमरेला. फळीवरचा डबा सुलटा होता, झाकण लावलेलं. उघडला. वरपर्यंत तुकडे.

कोऱ्या कडेला भोकं पाडतो, म्हणून आमचे तुकडे नेहमी कोरे असतात. ह्यांच्यावर काळी शाई होती – अक्षरांचे शेंडे, टिंबं.

मी झाकण लावलं. रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. भात टाकला.

तुकडे डब्यात कसे आले, मला अजून कळलेलं नाही. चाचांना डब्याचं सांगितलं नाही. डबा परत उघडला नाही. कधी हलवून बघते... पण कागदाचा काय आवाज येणार. भरलाय की रिकामा, कळत नाही.

तेव्हापासून ट्रे रोज भरतो, रोज मी ओतते. गेल्या शनिवारी ओतून आले आणि शेवटचे शंभर दिले. चाचांनी दोनदा मोजल्यासारखं केलं, वहीतल्या माझ्या नावावर रेघ मारली.

"हो गये, बेटी. पूरे."