इंग्रजीतली खिरापत

बाहेरच्या खोलीत माझी मुलगी मैत्रिणींबरोबर उद्याच्या मुलाखतीतल्या ग्रुप डिस्कशनचा सराव करत होती. बाकीच्या इंग्रजीत बोलत होत्या, ही नुसती मान हलवत होती. स्वयंपाकघरातून मला सगळं दिसत होतं.

भोंडल्याची गाणी संपून खिरापत ओळखायची वेळ आली, की हीच सर्वांत मोठ्याने ओरडायची. एक उत्तर चुकलं की दुसरं तयार. चुकण्यातच तिथली गंमत. मग इंग्रजीत चुकायची एवढी लाज कुठून आली?

न राहवून मी झाकलेला डबा घेऊन बाहेर गेले. “ओळखा बघू. पण इंग्रजीत.”

“आई, काहीतरीच तुझं!” मुलगी म्हणाली. मग हळूच, “इज इट स्वीट?”

“नाही.”

“देन स्पायसी! नो, वेट,” मध्येच बोलणाऱ्या मैत्रिणीला तिने थांबवलं, “मला बोलू दे गं!”

उद्या मुलाखतीत डबा नसणार; आज तरी तिला बोलत राहू दे. मी झाकण घट्ट धरून ठेवलं.